साखरेवरून तेलावर

शालिकमामाच्या दंडातलं चमचाभर रक्त
आम्ही मागं मागं नेलं,
त्याच्या लग्नामागं, पहिल्या दातामागं,
जिथं पेशीला ठाऊकच नसतं
आपण बुबुळ होणार की टाच.
मग परत पुढं आणलं, औषधांचं बोट धरून.
नवव्या दिवशी ताटलीत काहीतरी हललं.
मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, पुसला, परत लावला.
धडधडतच होतं.

सेलूच्या पुढं, पऱ्हाटीच्या धुऱ्याला लागून आमची प्रयोगशाळा.
दुपारी लाईन जाते, जनित्र गुरगुरतं,
खिडकीच्या जाळीत कापसाचा एक तंतू
दिवसभर थरथरत राहतो.

मामा बघायला आला. वहाणा बाहेर काढल्या त्यानं.
बराच वेळ वाकून पाहिलं.
"हे माह्यं हाय?"
तुझंच.
"मंग एवढ्या उड्या कावून मारून राह्यलं?"

पोर आहे ते, मामा.
साठीच्या माणसाचं, पण अजून न जन्मलेलं.
साखर खातं, नुसती साखर,
पऱ्हाटीच्या काडीसारखी, भुर्रकन पेटून संपणारी.
पोटातलं बाळ असंच निभावतं.
मग बाहेर येतं, छातीत हवा शिरते, ओठाला दूध लागतं,
आणि त्या दुधातल्या स्निग्धावर
काळीज चरबी जाळायला शिकतं.
ताटलीला माय नाही.
तिला चीक कोण पाजणार?

मामा हसला. जन्म गेला त्याचा लाकडी घाण्यावर,
जवस, तीळ, करडई.
"तेल द्या मंग."

दिलंच. त्याच्या घाण्याचं नाही,
बाटलीतलं, मोजलेलं,
प्रथिनाच्या पाठीवर बसवलेलं तेलाचं आम्ल.
साखर निम्मी, मग पाव, मग चिमूट.
बऱ्याच पेशी गेल्या. वहीत मी "मेल्या" लिहीत नाही,
"सुटल्या" लिहिते,
त्या खरंच तळ सोडून वर तरंगतात.
उरलेल्या लांबट झाल्या.
रंगवून पाहिलं तर मायटोकॉन्ड्रिया
तंतूंच्या कडेकडेनं उभे,
पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात तसे.

आणि एका सोमवारी थांबल्या. सगळ्या.
मी तापमान पाहिलं, हवा पाहिली, जनित्र पाहिलं,
हातमोजा फाटलाय का तेही पाहिलं,
आणि मामाला फोन लावला, का ते माहीत नाही.
म्हटलं, तुझं बंद पडलं.

पलीकडे घाण्याची कुरकुर. मग तीही थांबली.
"कुंदे, गोऱ्हा वावरभर उधळते, कोनी न सांगता.
घाण्याले जुपेल बैल उभा राह्यते.
हाक देऊन पाह्य."

दोन तारा बुडवल्या.
बारीकसा झटका, सेकंदाला एक.
पहिल्याला काही नाही.
दुसऱ्याला ताटलीभर एकच आकुंचन, दाट, सावकाश.
झटका तितकाच ठोका, एकही वरकड नाही.
मी थांबले की त्याही थांबत.

हे त्याला सांगितलं.
हे नाही सांगितलं की थकलेलं हृदय
पुन्हा साखरेकडे वळतं,
शिकलेलं तेल हळूहळू विसरतं;
की त्याच्या इकोतला आकडा पस्तीस आहे,
आणि तो हल्ली चालता चालता
जवसाच्या पोत्यावर टेकतो
नि पोतं चाचपतोय असं दाखवतो,
ते मला दिसतं.

काल एस.टी.च्या कंडक्टरजवळ एक बाटली आली,
बुचावर प्लॅस्टिक, त्यावर सुतळी,
सुतळीत खोचलेली चिठ्ठी:
ताटलीतल्या लहान्याले.

निर्जंतुक नव्हतं. वापरता आलं नसतं.
रात्री ठेच्यावर घेतलं मी ते,
भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून.